श्रीखंड्याची कावड

पैठणला एकनाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. साक्षात कृष्ण श्रीखंड्या नावाच्या गड्याचं रूप घेऊन नाथांच्या घरी राहिला, बारा वर्षं गोदावरीवरून कावडीने पाणी आणून हा रांजण भरत राहिला, पूजेसाठी गंध उगाळून देत राहिला आणि घरात कोणाला पत्ता लागला नाही, अशी कथा. देवाला शोधत एक भक्त द्वारकेहून पैठणला आला तेव्हा गुपित फुटलं. तोवर श्रीखंड्या निघून गेला होता. नाथषष्ठीच्या दिवसांत आजही लोक घागरी घेऊन तो रांजण भरायला जातात. कितीही ओतलं तरी तो भरत नाही, मग कोणाच्या तरी घागरीने एकदम काठोकाठ होऊन वाहू लागतो, आणि ती घागर श्रीखंड्याची असं मानतात.

मला ही कथा लहानपणापासून आवडते. राक्षस मारणारे देव सगळ्यांकडेच असतात. पाणी भरणारा देव आमच्या मराठवाड्याचा. दुसरा असाच एक आहे, तोही गोदाकाठी जन्मलेल्या बाईचा: गंगाखेडच्या जनाबाईसोबत दळायला बसणारा विठोबा. दोघांतला फरक मला बऱ्याच उशिरा दिसला. जनीच्या जात्याच्या खुंट्यावर दोघांचे हात होते. दळण तिचं होतं आणि तो सोबतीला आला होता. नाथांच्या घरी मात्र श्रीखंड्या येण्याआधी पाणी कोण भरत होतं, हे कथा सांगत नाही. तो गेल्यानंतर कोणी भरलं, हेही नाही.

असले प्रश्न मला पडतात ते छत्रपती संभाजीनगरात राहते म्हणून. आमच्या नळाला येणारं पाणीही पैठणचंच. नाथसागराची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. शंभर टीएमसीच्या वर पाणी मावणारं धरण, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. पण शहर उंचावर आणि पाणी खाली, ते पंपांनी चढवून आणावं लागतं. वाहिन्या जुन्या झालेल्या, आणि गाव वाढत वाढत वाळूज, शेंद्र्याला जाऊन टेकलेलं. त्यामुळे नळ कधी पाच दिवसांनी, कधी आठ, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. २०२२च्या मे महिन्यात यावरून मोठा जलआक्रोश मोर्चा निघाला होता. पाण्याच्या मोर्चात हंडे बायकांच्या हातात असतात. ट्रकवर चढून माईक कोण धरतं ते वेगळं सांगायला नको.

पाण्याचा दिवस कॅलेंडरवर नसतो. तो बायकांच्या डोक्यात असतो. आदल्या दिवसापासून गल्लीत एकमेकींना विचारणं सुरू होतं, "उद्या आपला नंबर आहे ना ओ?" लाइनमनचा नंबर कोणा एकीकडे असतो आणि त्या दिवसापुरती ती गल्लीतली सगळ्यात वजनदार बाई असते. पहाटे तीन, दुपारी बारा, रात्री अकरा, वेळ कोणतीही. नळ फुसफुसला की आधी हवा येते, मग गढूळ पाणी. ते टाकून द्यायचं नसतं, संडासच्या बादलीत धरायचं असतं. मग पाइपच्या तोंडाला जुन्या धोतराचा नाहीतर लेकराच्या पायमोज्याचा तुकडा बांधायचा. आधी पिण्याचं: माठ, कळशा, स्टीलची टाकी. मग निळे ड्रम. शेवटी मोटर लावून वरची टाकी. तेवढ्यात शेजारी कोणी टिल्लू पंप लावला की आपली धार करंगळीएवढी होते, आणि मग गच्चीवरून गच्चीवर जो संवाद होतो तो इथे लिहिण्यासारखा नाही. ड्रमांतून तुरटी फिरवायची, झाकणं पुसून घट्ट लावायची, नाहीतर डासांची अंडी. एरवी तळाला गाळ बसलेला असतो. तो काढायला ड्रम आडवा करून आत कमरेपर्यंत शिरावं लागतं. अशा वेळी अंगणातून पाहिलं तर ड्रमच्या तोंडातून बाहेर आलेले दोन पाय आणि खोचलेला पदर एवढंच दिसतं, आणि आतून घुमणारा आवाज येतो, "गॅस बंद कर गं!"

ज्या कचेरीत मी नोकरी केली तिथे रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. कारणाच्या रकान्यात बहुतेक जण 'घरगुती कारण' लिहीत. पुरुषांचं घरगुती कारण म्हणजे गावाकडची जमीनमोजणी, कोर्टाची तारीख, मेव्हण्याचं लग्न. चहाच्या वेळी ते आपण होऊन सांगत. बायकांचं घरगुती कारण मला न सांगताच कळे, कारण गल्ल्यांचे नंबर मला पाठ होते. 'पाणी' असं कारण एकीनेही कधी लिहिलं नाही. मीही नाही लिहिलं. पाणी भरण्यासाठी किरकोळ रजा घेतली हे कागदावर बरं दिसत नाही, असं काहीसं वाटत असावं. मग वर्ष संपता संपता आजारी पडायला रजाच उरत नाहीत, आणि वरिष्ठ म्हणतात, लेडीज स्टाफच्या रजा फार होतात बुवा.

रजा मिळते त्या तरी बऱ्या. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंच्या वस्तीत नळ आला की त्यांचा निरोप येतो, "उद्या आमच्याकडं पाणी हाय, यायची नाही बाई." त्यांचा खाडा धरणारी घरं आहेत. त्यांच्या घरचं पाणी भरायला गेल्याबद्दल पैसे कापायचे, आणि ते कापणारीही बहुधा बाईच, तिच्याही कचेरीत त्या दिवशी 'घरगुती कारण'. माझी नोकरी नीट झाली ती ताईंच्या जोरावर, हे मी कोणत्याही निरोप समारंभात सांगायला तयार आहे. त्यांची नोकरी कोणाच्या जोरावर चालली, तर त्यांच्या थोरल्या मुलीच्या. दहावीच्या वर्षातही नळाच्या दिवशी ती शाळेला जात नसे.

वाळूजला कंपनीत जाणारी आमच्या मागच्या गल्लीतली एक पोरगी फर्स्ट शिफ्टची बस पकडायला पहाटे अंधारात निघते. तिची किल्ली समोरच्या आपांकडे असते. आपा आधी स्वतःचं भरतात, मग किल्ली फिरवून तिचं. "उसकी माँ रहती तो भरतीच ना," एवढंच त्यांचं म्हणणं. रमजानमध्ये ती पोरगी सुट्टीच्या दिवशी आपांच्या घरची कणिक मळून देते. तसे पाळणाघरांचे, सुट्ट्यांचे कायदे आहेत. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि बाळंतपणाची पगारी रजा सव्वीस आठवड्यांपर्यंत, हे २०१७ पासून कायद्यातच आहे. बापाला मात्र खासगी नोकरीत एक दिवसही कायद्याने मिळत नाही. हे सगळं कागदावर आहे तिथे आहे, गल्लीचा कारभार किल्ल्यांवर चालतो.

भरणं तरी दिसतं. त्यापुढचं दिसत नाही. भरलेलं पाणी आठ दिवस पुरवायचं असतं, आणि त्याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो. बुधवारी नणंद येणार म्हणजे मंगळवारी धुणं टाळायचं. धाकटीची पाळी शनिवारकडे येईल, तेव्हा एक ड्रम शिवायचा नाही. गणपतीला फरशी धुवायची तर चादरी पुढच्या पाण्याला. डाव्या हाताचा ड्रम परवाचा, उजवा जुना, पिण्याला डावा. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी संडासला. कोणी भसाभसा शॉवर सोडला की स्वयंपाकघरात बाईचे खांदे आवळतात, हे शॉवरखालच्या माणसाला कळत नाही. आणि बाहेर आल्यावर ती चिडचिड का करते, हेही.

सासूबाई अखेरीला अंथरुणाला खिळल्या तेव्हा मला कळलं की आजारी माणसाचं करणं म्हणजे निम्मं पाणीच असतं. अंग पुसायला गरम पाणी, दुपटी, चादरी, रबरी शीट, पुन्हा हात धुणं. दिवसाला दोन चादरी बदलायच्या आणि नळ आठवड्याने. एखाद्या रात्री त्यांचं पोट बिघडल्याचा आवाज आला की माझ्या मनात पहिल्यांदा ड्रमातली पातळी यायची, मग त्या. नवरा त्यांच्याजवळ बसायचा. पेपर वाचून दाखवायचा, गोळ्या वेळेवर द्यायचा, पाय चेपायचा; ते सगळं त्याने मनापासून केलं, आणि आईला त्याचा आधार फार होता. भेटायला आलेला प्रत्येक माणूस दारातून बाहेर पडताना म्हणे, मुलगा असावा तर असा. माणसं समोरच्या खोलीत येतात आणि चादरी मागच्या मोरीत धुतल्या जातात, त्याला तोही काय करणार? पण करता आलं असतं. एकदा मी ताप घेऊन पडले तेव्हा त्याने आठवडाभर मोरीही सांभाळली. ती गोष्ट आमच्या नातेवाइकांत अजून सांगितली जाते. माझ्या चादरींची कोणाला आठवण असण्याचं कारण नाही.

श्रीखंड्याची कथा इथे मला टोचते. देवाने पाणी भरलं म्हणून तो रांजण पूजेला लागला. घराघरांत असा एकेक श्रीखंड्या असतो: भाकरी थापता येणारा काका, मुलीची वेणी घालणारा बाप, ड्रम घासणारा जावई. लोक त्याचं कौतुक करतात, बायकोला म्हणतात, नशीब काढलंस. कौतुक खोटं नसतं. पण ज्याचं कौतुक झालं ते काम रोज करावं अशी अपेक्षा कोणी धरत नाही. चमत्कार उद्याही घडावा असं कोण म्हणेल?

सरकार वेळेची पाहणी करतं, त्यात हे आकड्यांनी दिसतं. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, कोणी काय केलं त्याची नोंद. २०१९च्या पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४च्या पाहणीत बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावं तर त्यांचीही नऊ कमी झाली! गॅस, मिक्सर, मोटर, ऑनलाइन भाजी, कोणी उचलली असतील ती असोत. शिवाय पुरुषांचा आकडा जे करतात त्यांच्यापुरताच. २०१९ मध्ये अशा कामाला हात लावणारे पुरुष शंभरांत सव्वीस होते, बायका एक्क्याऐंशी. लेकरांचं, म्हाताऱ्यांचं करण्याचा हिशेब वेगळा: २०२४ मध्ये करणाऱ्या बायकांना १३७ मिनिटं, पुरुषांना ७५. इथे अंतर जरा कमी आहे, आणि मला त्याचं नवल वाटत नाही. समोरच्या खोलीतली कामं आहेत ती. मला प्रश्न पडतो तो रकान्यांचा. नळाकडे कान ठेवून घेतलेली झोप त्या तक्त्यात झोप म्हणूनच लागत असणार. डाव्या आणि उजव्या ड्रमचं लक्षात ठेवणं कोणत्या अर्ध्या तासात घालायचं?

पुन्हा नाथांच्या घरी जाऊ. त्यांच्या चरित्रातला सगळ्यांना माहीत असलेला प्रसंग श्राद्धाचा. वडिलांचं श्राद्ध, ब्राह्मणांसाठी स्वयंपाक तयार, वासाने वाटेवरची भुकेली अस्पृश्य मंडळी थबकली. नाथांनी तो स्वयंपाक त्यांना वाढला. ब्राह्मण रागावून जेवायला आले नाहीत, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले. सोळाव्या शतकातली ही केवढी मोठी गोष्ट! शाळेत हा धडा शिकताना आम्हाला समता कळली. पण आधीचा स्वयंपाक वाढून झाल्यावर घर सारवून, भांडी घासून तो सगळा घाट नव्याने घातला नाथांच्या पत्नी गिरिजाबाईंनी. श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे वरण-भात नव्हे. वडे, खीर, कढी, भाज्या, कोशिंबिरी, तेही सोवळ्यात, चुलीवर, एकाच दिवसात दुसऱ्यांदा. गिरिजाबाईंचं मन नाथांएवढंच मोठं होतं, असंच चरित्रकार लिहितात, आणि मला ते पटतं. त्या नको म्हणाल्या असत्या असं माझं म्हणणं नाही. पण त्या दिवशीच्या समतेसाठी कंबर कोणाची मोडली, हे एकदा तरी कोणी विचारायला हवं होतं. वाड्यात श्रीखंड्याचा रांजण आहे. गिरिजाबाईंची चूल कुठे होती ते दाखवायला कोणी नेत नाही.

बाईच्या कामाची किंमत आपल्याकडे काढलीच जात नाही असं मात्र नाही. अपघाताच्या दाव्यात ती काढावी लागते. गृहिणी गेली तर नुकसान किती, हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा खटल्यात महिना तीन हजार रुपये धरले होते. २०१०च्या एका निकालात न्यायालयाने जनगणनेला टोले लगावले, कारण २००१च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैदी यांच्या रांगेत, काम न करणाऱ्यांत बसवल्या होत्या. जानेवारी २०२१ च्या निकालात तर त्या २९९ आणि ९७ मिनिटांचा उल्लेखच आला. हे निकाल वाचताना बरं वाटतं, आणि मग ध्यानात येतं की दाव्यातली बाई गेलेली आहे. आमच्या शहराला हे नवीन नाही. इथली जगाला माहीत असलेली इमारत म्हणजे बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली पाचव्या बाळंतपणानंतर महिन्याभरात गेली, तिची ती कबर. तिची सासू मुमताज चौदाव्या बाळंतपणात गेली, तिच्यासाठी ताजमहाल. पर्यटकांना दोन्हींच्या घुमटांची तुलना करून दाखवतात. बाळंतपणांची संख्या गाइडला माहीत असते, पण ती तो घाईत सांगून टाकतो.

याच शहरात पाण्याने बायकांचं काम हलकं केल्याच्याही खुणा आहेत, नाही असं नाही. मलिक अंबरने खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली तेव्हा जमिनीखालून नहर खेळवली. डोंगरातलं पाणी कोणत्याही मोटरीशिवाय मोहल्ल्यांत येई. पाणचक्कीत तर पाण्याच्या जोरावर जातं फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांचं, विद्यार्थ्यांचं पीठ निघे. तेवढं पीठ हाताने दळायला पहाटे किती बायका उठल्या असत्या! महाराष्ट्रभर जात्यावर बसलेल्या बायकांनी गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जमवल्या तेव्हा त्या लाखावर भरल्या. एवढी गाणी सुचायला किती दळण झालं असेल याचा विचार केला की मला त्या ओव्यांचं निव्वळ कौतुक करवत नाही.

आता शहराची नवी पाणीयोजना येते आहे. २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं तेव्हा ती १,६८० कोटींची होती, पुढे खर्च बराच वाढला. तिचे अडीच मीटर व्यासाचे पाइप पैठण रस्त्याच्या कडेला पडलेले असत, तेव्हा त्यांत माणूस हात वर करून उभा राहू शके. येता-जाता बसमधल्या बायका त्यांच्याकडे माहेरहून येणाऱ्या माणसाची वाट पाहावी तशा पाहत. योजना पूर्ण होऊन रोज पाणी आलं तर काय होईल, यावर गल्लीत एकदा ओट्यावर बसून खूप बोलणं झालं. एक म्हणाली, मी पहाटेचं फिरायला जाईन. एकीला शिवणाचा क्लास पुरा करायचा होता. वाळूजची पोरगी म्हणाली, आपांकडची किल्ली परत घेईन, त्यावर आपा म्हणाल्या, "रहने दे, चाय पीने के लिए तो आएगी ना?"

कोपऱ्यातल्या घरच्या काकू मटार सोलत होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. "रोज आलं तर रोज भरावं लागंल," त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्या हसलो.

तेवढ्यात त्यांच्या घरात नळ फुसफुसला. त्यांचा मुलगा, चांगला चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप, मोटरचा प्लग हातात घेऊन दारात आला. "आई, पिण्याचा ड्रम कोणता गं?"

काकूंनी मटाराची परात मांडीवरून खाली ठेवली. उठल्या नाहीत. "झाकण उघडून वास घे," त्या म्हणाल्या, "आणि पुढल्या खेपेला मला विचारू नको."